पाठीवर काय लिहायचं?

पेंटरने ब्रश हातात धरायचं सोडून बरीच वर्षं झाली होती. तरी गल्लीत त्याला सगळे पेंटरच म्हणत, आणि त्याच्या बायकोला पेंटरीणबाई. खरं तर दुकान आता तिच्याच हातात होतं. मापं घेणं आणि शिडीवर चढून बोर्ड ठोकणं एवढं तो करी. संगणक, व्हिनाइलमधून अक्षरं कापायचं मशीन आणि टी-शर्टवर छापायचा गरम प्रेस तिच्याकडे. गिऱ्हाइकाकडून तिची एकच अपेक्षा असे, काय लिहायचं ते त्याने स्वच्छ सांगावं. रंगवलेलं पुसता येतं, कापलेलं जोडता येत नाही, हे ती येणाऱ्या प्रत्येकाला ऐकवी.

नवी सून ऑर्डर घेऊन आली तेव्हा तिलाही ऐकवलं. ही मुलगी पलीकडच्या रस्त्यावरच्या मोठ्या घरात नुकतीच लग्न होऊन आली होती. सासूबाईंची पंच्याहत्तरी होती आणि सगळं घर बस करून तळ्याकाठी जाणार होतं. सगळ्यांना निळे टी-शर्ट, आणि प्रत्येकाच्या पाठीवर पांढऱ्या अक्षरांत त्याचं नातं, ही कल्पना तिची. घरात आल्यापासून पहिल्यांदाच तिचं काहीतरी सगळ्यांनी मान्य केलं होतं, त्यामुळे ती फुलून गेली होती.

"नातं म्हणजे कोणाचं कोणाशी?" पेंटरीणबाईंनी विचारलं.

हा प्रश्न मुलीला पडलाच नव्हता. तिच्या नवऱ्याला कोणी भाऊ म्हणे, कोणी काका, कोणी मामा. नणंदेचं तर आणखी अवघड. ती थोरल्या जावेच्या भावाला दिलेली, म्हणजे जावेच्या मुलीची ती आत्याही आणि मामीही. तिच्या नवऱ्याला मामा म्हणायचं की आत्याचे यजमान, यावर घरात आजवर एकमत झालेलं नव्हतं. मुलगी बोटांवर मोजत एकेक सांगत गेली, पेंटरीणबाई टाइप करत गेल्या, पुसत गेल्या, आणि शेवटी दोघींनाही कळेना की आत्तापर्यंत किती माणसं झाली आणि त्यातली किती दोनदा आली.

तोडगा पेंटरने काढला. तो दारात शिडीची दोरी आवळत बसला होता. घरातलं सगळ्यांत लहान कोण, त्याच्या तोंडून जे निघतं ते लिहा, म्हणाला. सगळ्यांत लहान म्हणजे थोरल्या दिरांची पाच वर्षांची मुलगी. मग सगळं भराभर जमलं. आजी, बाबा, आई, काका, काकू, मामा. नणंदेला ती पोर चक्क आत्यामामी म्हणायची, तेही चाललं. उठता उठता नवी सून म्हणाली, "आणि एक मोठी आई."

मोठी आई म्हणजे आईची थोरली बहीण असेल, असं पेंटरीणबाईंनी आपल्यापुरतं ठरवून टाकलं. तेवढ्यावर थांबलं असतं तर बरं झालं असतं.

दुसऱ्या दिवशी त्या अक्षरं जुळवत होत्या. आपल्या लिपीत हे फार बघावं लागतं. वरच्या रेघा एकमेकींत नीट मिसळून घेतल्या नाहीत तर पातं प्रत्येक अक्षराभोवती वेगळं फिरतं, आणि एका काकाचे दोन तुकडे होतात. त्या एकेक शब्द मोठा करून रेघेचे सांधे तपासत होत्या, तेवढ्यात फोन आला. थोरले दीर बोलत होते. आवाज सभ्य, पण घाईतला. ते मोठी आई काढून टाका, त्या जागी मावशी घाला, म्हणाले. पेंटरीणबाईंना आपला अंदाज बरोबर निघाल्यासारखं वाटलं. आईची बहीण म्हणजे मावशीच की. त्यांनी मावशी कापायला लावलं.

संध्याकाळी थोरली जाऊ आली, म्हणजे ज्यांनी फोन केला होता त्यांची बायको. ती काउंटरवर वाकली आणि हळू आवाजात म्हणाली, की ह्यांनी मावशी सांगितलं असेल, तर ते करू नका. मोठी आईच ठेवा, आणि मी येऊन गेले ते बोलू नका.

"तुमचीच बहीण ना हो ती?" पेंटरीणबाईंनी विचारलं.

"माझी कुठली? ह्यांची पहिली बायको."

पेंटरीणबाईंनी हातातला चिमटा खाली ठेवला. जाऊबाईंनी मग उभ्याउभ्याच सगळं सांगितलं. दोघांचं पटलं नाही, कागदोपत्री केव्हाच वेगळे झाले. पण सासूबाई न्हाणीघरात पडल्या तेव्हा त्यांनी मुलाला न बोलावता हिला फोन केला. ती आली, तेव्हापासून रोज सकाळी येते, त्यांची औषधं, आंघोळ सगळं बघते आणि दुपारी आपल्या घरी जाते. जाऊबाई बाळंतपणानंतर आजारी होती, त्या दिवसांत पोरीलाही तिनेच न्हाऊमाखू घातलं.

"मावशी तर आम्ही भांडी घासायला येतात त्यांनाही म्हणतो," जाऊबाई म्हणाली. "तिच्या पाठीवर ते लिहून तिला सगळ्यांसोबत हिंडवायचं, हे मला नाही बघवणार."

ती गेल्यावर पेंटरीणबाई पुन्हा मशीनपाशी बसल्या. सवतीने सवतीची बाजू घ्यावी आणि नवऱ्याने नको म्हणावं, हे त्यांच्या डोक्यात उलटसुलट कुठूनही बसेना. आणि ऐकायचं कोणाचं? ऑर्डर दिली नव्या सुनेने, बदलली दिरांनी, बदललेली बदलली जावेने. पेंटर म्हणाला, "अगं, दोन्ही करून ठेव. एक शर्ट जास्तीचा गेला तर आपलं काय बिघडतंय?"

तसं करताना मात्र त्यांचं बिघडलंच. त्या दिवशी मध्येच एका टेम्पोवाल्याचं तातडीचं स्टिकर होतं. गाडीवर बाहेरून लावायचं स्टिकर सरळ कापतात. शर्टावर चिकटवायची फिल्म पालथी ठेवून कापायची असते, म्हणून शब्द आधी उलटा करावा लागतो, आरशातल्यासारखा. टेम्पोचं काम उरकून त्यांनी मोठी आई लावलं, आणि उलटं करायचं विसरल्या. डोक्यात सवती होत्या. नको तो भाग सोलून झाला, ठच्या पोटातला गोल टिपका आकडीने उचलून झाला, प्रेस दाबला, वरचं प्लॅस्टिक सोललं, तेव्हा शर्टावर जे उमटलं ते कुठल्याच भाषेत नव्हतं. इतक्या वर्षांत असं त्यांच्या हातून क्वचितच घडलं होतं. पांढरी फिल्मही जवळजवळ संपली होती. मावशी मात्र देखणं आलं होतं.

सकाळी शर्ट न्यायला एक बाई आल्या. उंच, शांत, हातात कापडी पिशवी. मोठ्या घरातून आले, एवढंच म्हणाल्या. पेंटरीणबाईंनी त्यांना आत्यामामी समजून बसायला स्टूल दिलं आणि एकेक शर्ट घडी घालून देऊ लागल्या. रोजच्या सवयीने सांगतही होत्या, की पहिले एकदोन दिवस धुऊ नका, मग आतली बाजू बाहेर काढून गार पाण्यात धुवा, अक्षरांवर थेट इस्त्री फिरवू नका. बाई नीट ऐकत होत्या. मग त्यांची नजर टेबलाच्या कडेला टाकलेल्या शर्टावर गेली.

"हे उलटं आलंय का?"

पेंटरीणबाईंना कोणापाशी तरी बोलायचंच होतं. त्या म्हणाल्या, की हो, आणि उलटं येणार नाही तर काय. तुमच्या घरात एक म्हणतं मोठी आई, एक म्हणतं मावशी, माणूस ऐकणार तरी कोणाचं? त्या बाई बिचाऱ्या कोण आहेत, त्यांना तरी कोणी विचारलंय की नाही, देव जाणे.

बाईंनी तो शर्ट मांडीवर ओढून घेतला आणि अक्षरांवरून बोट फिरवत उजवीकडून डावीकडे शब्द लावला.

"नाही विचारलं," त्या म्हणाल्या. "मीच ती."

पेंटरीणबाईंना जीभ चावावीशी वाटली. त्यांनी माफी मागायला सुरुवात केली, पण बाईंनी हातानेच थांबवलं. त्या रागावलेल्या दिसत नव्हत्या, गोंधळलेल्या दिसत होत्या. दोन्ही शर्ट त्यांनी शेजारी शेजारी ठेवले आणि बघत राहिल्या. मग म्हणाल्या, की मलाही ठाऊक नाही मी तिथे कोण आहे. म्हातारीचा फोन आला म्हणून गेले. दुसऱ्या दिवशी पट्टी बदलायची होती म्हणून गेले. जायचं कधी थांबवायचं ते कोणी सांगितलं नाही आणि मलाही सुचलं नाही.

पेंटरने चहा आणून ठेवला आणि बाहेर गेला.

"पोर तुम्हाला काय म्हणते?" पेंटरीणबाईंनी विचारलं. "तिच्या तोंडचं लिहायचं ठरलं होतं."

"वडील घरात नसले की मोठी आई." बाईंनी कप उचलला, परत ठेवला. "ते असले की काहीच म्हणत नाही. नुसतं अगं म्हणते. आधी त्यांच्या तोंडाकडे बघते, मग अगं म्हणते. एवढीशी आहे ती."

थोड्या वेळाने त्यांनी एक कोरा शर्ट मागितला. पाठीवर काही नको. बसमध्ये पोर दिवसभर आपल्या मागे-पुढे असणार, आणि आपली पाठ वाचून प्रत्येक वेळी तिने बापाकडे बघावं, हे आपल्याला नको आहे, असं त्या म्हणाल्या. बाकीचे शर्ट पिशवीत भरून त्या गेल्या. उलटा शर्ट आणि मावशी दोन्ही टेबलावरच राहिले.

कोणाच्या मनासारखं झालं आणि कोणाच्या विरुद्ध, हे पेंटरीणबाईंना दिवसभर उमगेना. पेंटरला विचारलं तर तो म्हणाला, की घर त्यांचं, आपण कशाला डोकं शिणवायचं. पण बोर्डाचं माप घेताना त्यानेही लांबीच्या जागी रुंदी लिहिली.

सहलीच्या आदल्या दुपारी एक गृहस्थ दुकानात आले. कामावरून परस्पर आले असावेत, कपडे परीटघडीचे आणि चेहरा घामेजलेला. त्यांनी पिशवीतून निळा कोरा शर्ट काढून काउंटरवर ठेवला. आवाज ऐकल्यावर पेंटरीणबाईंनी ओळखलं, फोनवरचे थोरले दीर हेच.

चूक झाली असं म्हणायला आले असतील म्हणून त्यांनी आधीच सांगितलं, की हा कोरा त्या बाईंनीच मागून नेला.

"ठाऊक आहे," ते म्हणाले. "आईने काल शर्ट वाटले, तेव्हा कळलं. मुलीने विचारलं, हिच्यावर का नाही. सगळे माझ्याकडे बघायला लागले." त्यांनी शर्टाची घडी सारखी केली. "मुलगीसुद्धा."

आता काय करू, असं पेंटरीणबाईंनी विचारलं. ते पहिलं होतं ना, ते करा, म्हणाले. पहिलं कोणतं? ते हो, आमच्या घरातून आधी सांगितलं होतं ते. पेंटरीणबाईंनी कीबोर्डवरचा हात काढून घेतला. या ऑर्डरीत त्यांचे दोन शर्ट आणि रात्रीची झोप गेली होती. अंदाजाने आता एक अक्षरही कापणार नाही, तोंडाने सांगा, म्हणाल्या.

गृहस्थांनी बाहेर रस्त्याकडे पाहिलं. मग काउंटरकडे बघत म्हणाले, "मोठी आई."

पेंटरीणबाईंनी टाइप केलं. वरची रेघ जोडली, शब्द उलटा केला, नीट उलटा झालाय ना ते पुन्हा पाहिलं. फिल्मचा शेवटचा तुकडा जेमतेम पुरणार होता. बटणावर बोट ठेवलं आणि तसंच ठेवून त्यांनी विचारलं, "त्यांना विचारलंत?"

"कोणाला?"

"ज्यांनी घालायचा त्यांना."

विचारलं नव्हतं. ते त्यांना सुचलंच नव्हतं, हे त्यांच्या चेहऱ्यावर स्पष्ट दिसत होतं. मग विचारून या, म्हणाल्या पेंटरीणबाई, मशीन कुठे पळून जात नाही.

ते फोन घेऊन फुटपाथवर गेले. काचेतून दिसत होतं. नंबर लावला, कापला, परत लावला. मग ते बोलायला लागले, शिडीपासून विजेच्या खांबापर्यंत आणि परत. बोलणं कमी आणि ऐकणं जास्त चाललं होतं. एकदा ते खांबापाशी पाठमोरे बराच वेळ उभे राहिले. पेंटर शिडी पुसायचं निमित्त करून तिथेच घुटमळत होता. त्याच्याही कानावर धड काही आलं नाही.

आत आले तेव्हा फोन अजून त्यांच्या मुठीत होता.

"चालेल म्हणाली," ते म्हणाले. "पण पाठीवर नको. पुढे, खिसा असतो तिथे. आणि अगदी लहान."

पेंटरीणबाईंनी विचारलं, लहान म्हणजे केवढं. ते दिरांनी विचारलं नव्हतं. त्यांनी अंगठा आणि बोट जवळ आणून दाखवलं, मग थोडं लांब केलं, मग परत जवळ. एवढं बारीक केलं तर रेघ टिकत नाही, सोलतानाच ईच्या डोक्यावरचा आकडा निघून येतो, पेंटरीणबाई म्हणाल्या. मग परत फोन करू का, असं दिरांनी विचारलं.

"राहू द्या," म्हणाल्या त्या. "टिकेल तेवढं लहान करते."

त्यांनी अक्षरं बारीक करून किंचित जाड केली आणि बटण दाबलं. थोरले दीर स्टुलावर बसले. पातं फिरायला लागलं तसे ते पुढे वाकून बघू लागले. शब्द पालथा कापला जात असल्यामुळे त्यांना वाचता येईना, आणि त्यांनी दोनदा विचारलं, "बरोबर येतंय ना?"