चिंचेच्या कोळात गेलेलं सोनं

मी एका कमरपट्ट्याच्या टोकाची पट्टी बोलतेय. हळूच बोलते, कारण खाली दुकानात माझा मालक अम्मार आलाय आणि माझा जीव थाऱ्यावर नाही.

मी तांब्याची, वर सोन्याचा मुलामा. आठशे वर्षांपूर्वी एका कारागिराने माझ्यावर छोटा पक्षी कोरला. ज्या स्वाराच्या कमरेला होते, त्याचं नावही आता आठवत नाही. पुढे कित्येक पिढ्या मी मातीत पडून होते. इथे ओमानमधल्या रुस्ताकला अम्मारच्या आजोबांना खजुराचं रोप लावताना मी सापडले. त्यांनी मला आपल्या खंजिराच्या पट्ट्याला शिवलं. तेव्हापासून घरातल्या प्रत्येक नवरदेवाच्या कमरेला मी असतेच. लोक लग्नात नवऱ्याकडे बघतात की पट्ट्याकडे, हे मला अजून कळलेलं नाही.

परवा अम्मारच्या मुलाचं लग्न आहे. शिवण उसवली म्हणून त्याने पट्टा आपल्या दुकानातल्या कारागिराकडे, मालवणच्या दयानंदकडे दिला. बजावलं, फक्त शिवायचं, सोन्याला हात लावायचा नाही. दयानंद दोरा आणायला मस्कतला गेला आणि मी वरच्या खोलीत त्याच्या बायकोच्या, प्रेमाच्या नजरेला पडले.

प्रेमा स्वभावाने गरीब, पण काळं भांडं तिला बघवत नाही. देवाची समई घासावी तशी तिने चिंच भिजवली, मीठ घेतलं. मी मनातल्या मनात ओरडत होते, बाई, ती घाण नाही, माझं वय आहे ते! सोन्याखाली तांब्याला चढलेला गंज सुटला आणि त्याबरोबर पंखावरचं सोनंही. कोळात पिवळे कण दिसले तेव्हा कुठे तिचा हात थांबला.

दयानंद आला आणि त्याने कोळातले पिवळे कण बोटावर घेतले. सोनं खरवडून घेतलं असंच अर्बाबला, म्हणजे मालक अम्मारला, वाटणार. नोकरी तर जाईलच, वर चोर म्हणून गावी परतावं लागेल.

"नवो मुलामो चढवलास तर कोणाक कळाचा नाय," प्रेमा म्हणाली.

"माका कळात," तो म्हणाला. "सांगतंय मी अर्बाबाक."

पण आता अम्मार जिना चढून वर आला तेव्हा प्रेमाच पुढे झाली. मला तळहातावर धरून म्हणाली, "इन्होंने कुछ नहीं किया. मैंने धोया."

अम्मारने मला उचलून खिडकीपाशी नेलंय. उघड्या पंखावरून त्याचा अंगठा फिरतोय.

आजवर मला माझ्या सोन्याची काळजी होती. अम्मार, बाबा, गेलं ते गेलं. तांब्याच्या पंखानेही मी तुझ्या मुलाच्या कमरेला शोभेन. पण या दोघांना चोर म्हणू नकोस. माझा आवाज तुला ऐकू येत नाही. तू तरी बोल.