सहा की दोन

आहिनशेठच्या जुन्या नाण्यांच्या दुकानात धड अशी एकच खुर्ची होती आणि ती मस्तुराबाईंची, हे नदीकाठच्या त्या बाजारात सगळ्यांना ठाऊक होतं. बत्तीस वर्षं पालेम्बांगच्या मदरशात पोरांकडून अरबी वळणाची जावी लिपी गिरवून घेऊन बाई निवृत्त झाल्या, तेव्हा दिवस कसा ढकलायचा हा प्रश्न त्यांना पडला होता. तो आहिनशेठनं सोडवला. मुसी नदीच्या गाळातून पाणबुडे सुलतानांच्या काळची कथलाची नाणी वर काढत, आणि त्यांच्यावरची झिजलेली, अर्धीमुर्धी अक्षरं बाईंइतकी झटकन कुणालाच लागत नसत.

"हजारो पोरांचं गचाळ अक्षर वाचलंय मी," बाई म्हणायच्या. "सुलतानाचं काय घेऊन बसलात!"

एका मंगळवारी सकाळी कोमार आला. चाळिशीचा पाणबुड्या, कॉम्प्रेसरची नळी दातात धरून तळाला जाणारा, आणि बाईंचाच जुना विद्यार्थी. तंबाखूच्या डबीतून त्यानं एक भोकाचं पितिस, म्हणजे तसलंच कथलाचं नाणं, काढून बाईंच्या तळहातावर ठेवलं.

"बाई, मला वाचता येत नाही ते तुम्हाला ठाऊकच आहे. पण ही नाणी हाताला पाठ झालीत. हे काहीतरी निराळं आहे."

आहिनशेठनं ते मधल्यामध्ये उचललं आणि भिंग डोळ्याला लावलं. भोकाभोवती नेहमीची अक्षरं, खाली साल. बघता बघता शेठचे कान लाल झाले.

"शेवटचा आकडा सहा! आजवर या नाण्यावर शेवटी दोनाचाच आकडा दिसलाय. बाई, नवं साल सापडलं! जकार्ताच्या विद्यार्सो साहेबांना आत्ताच्या आत्ता फोन लावतो."

"फोन ठेव जरा," म्हणत बाई नाणं घेऊन दारातल्या उन्हात गेल्या. तिरकं धरलं, सरळ धरलं, पुन्हा तिरकं धरलं. त्या लिपीतले दोन आणि सहा म्हणजे जवळपास एकमेकांची आरशातली रूपं. पण जवळपासच.

"हा सहा नाही. दोन आहे, उलटा."

"उलटा?"

"साच्यात सगळं उलटं कोरायचं असतं, म्हणजे ओतल्यावर सुलटं येतं. हा कारागीर बाकी सगळं नीट उलटं कोरत आला आणि शेवटचा दोन तेवढा सुलटा कोरून बसला. सहाचं डोकं सपाट असतं, शेठ. दोनच्या डोक्यावर वाटीसारखा खळगा. बघ, आहे की नाही?"

शेठनं बघितलं. खळगा होता. त्याचा चेहरा पार उतरला. "अहो, नव्या सालासाठी लोक उड्या मारतील. चुकीला कोण विचारतो?"

"म्हणून खोटं सांगू?"

"खोटं नको हो. पण इतक्या लवकर खरं तरी कशाला?"

कोमार नाण्यावर वाकला. "बाई," तो हळूच म्हणाला, "मीपण असाच काढायचो ना दोन?"

बाईंना तिसरीचा वर्ग आठवला. शंभर वेळा लिहून आण म्हटल्यावर शंभरच्या शंभर उलटे दोन लिहून आणणारा मुलगा. त्यांनी त्याच्या बोटांवर पट्टी मारली होती. पुढच्या वर्षी तो शाळेत दिसलाच नाही, बापाच्या होडीवर गेला. काही मुलांच्या डोळ्यांना अक्षरं खरंच उलटी दिसतात, हे बाईंना फार उशिरा कळलं.

"काढायचास," त्या म्हणाल्या. "आणि मी मारायचे. ते चुकलंच माझं, कोमार."

"जाऊ द्या हो, बाई." तो ओशाळला. मग त्याला नाण्याकडे बघून हसू आलं. "या कारागिरालाही कुणी पट्टी मारली असेल का?"

"ते नाही माहीत. पण कडा बघ कशा झिजल्यात. म्हणजे त्याचं नाणं बाजारात चाललं होतं."

शुक्रवारी जुन्या नाण्यांचे संग्राहक विद्यार्सो साहेब आले. सभ्य, हळू बोलणारा माणूस. सोबत लहानसा वजनकाटा. त्यांनी नाणं तोललं, कड तपासली, बाईंचं म्हणणं दोनदा ऐकून घेतलं आणि नाणं परत मखमलीवर ठेवलं.

"बाईंचं वाचन मला पटतं. पण हे इतकं स्वच्छ कसं?"

"सिरक्यात भिजवून ब्रशनं घासलं, साहेब!" कोमारनं अभिमानानं सांगितलं.

साहेबांनी डोळे मिटून घेतले. "अरे बाबा, तो गाळच तर त्याचा दाखला होता." दोन वर्षांपूर्वी त्यांनी अशीच सात नाणी घेतली होती, प्रदर्शनात मांडली होती, आणि ती गेल्याच पावसाळ्यात कुठल्याशा परसात ओतलेली निघाली. चारचौघांत हसं झालं. "एकुलतं एक आणि धुतलेलं. याला मी खोटं म्हणत नाही. पण खरं आहे असं लिहूनही देणार नाही."

शेठ काहीतरी बोलणार होता, पण बाईंनी हात वर केला. माणूस चुकीचं बोलत नव्हता. त्यांनी तरी पूर्ण उत्तरपत्रिका बघितल्याशिवाय कुणाला पास केलं होतं?

"कोमार, हे एकटंच वर आलं होतं का?"

"नाही. नारळाएवढं ढेकूळ होतं, सगळी एकमेकांना चिकटलेली. कडेची चार-पाच सुटली. बाकीची हलेनात."

"मग कुठंय ते ढेकूळ?"

कोमारनं मान खाजवली. "रोस्नीकडे. बेकासामच्या बरणीवर."

चौघं होडीत बसून पलीकडच्या काठाला गेले. कोमारचं घर खांबांवर होतं. त्याची बायको रोस्नी दारातच उभी राहिली. आत कोपऱ्यात मासळी आंबवायची मोठी बरणी होती आणि तिच्या झाकणावर ते काळं ढेकूळ.

"हे फोडायला निघाले होते," ती नवऱ्याकडे बोट दाखवत म्हणाली, "मीच हातोडी काढून घेतली. असं बेतशीर वजन मिळत नाही. पण आज नाही द्यायची मी. मासळीला अजून तीन दिवस हवेत, झाकण हलता कामा नये."

"वहिनी, माझं उद्याचं विमान आहे," विद्यार्सो साहेब काकुळतीला आले.

"ते दोनशे वर्षं चिखलात थांबलं, साहेब. तुम्हाला तीन दिवस जड झाले?"

बाईंना हसू आवरेना. शेवटी आहिनशेठ, सिल्कचा शर्ट घालून, शेजारणीकडून दगडी खल मागून घेऊन आला. रोस्नीनं तो दोन्ही हातांनी तोलून बघितला, नाक मुरडलं आणि मग ढेकूळ सोडलं. साहेबांनी त्याचे सगळ्या बाजूंनी फोटो काढले.

त्यांनी विमान रद्द केलं. बाईंच्या ओसरीवर परातीत स्वच्छ पाणी भरलं, ढेकूळ त्यात ठेवलं. हातोडी नाही, सिरका नाही. नुसतं पाणी आणि बांबूच्या पातळ काड्या. दोन दिवस काहीच हललं नाही. तिसऱ्या दिवशी पहिलं नाणं सुटलं. सुटेल तसं प्रत्येक नाणं बाई बशीत ठेवत आणि खाली चिठ्ठीवर अनुक्रमांक लिहीत. शेठ दर तासाला येऊन "झालं का?" विचारी आणि बोलणी खाऊन परत जाई. कोमार कामावरून आला की बाईंच्या शेजारी उकिडवा बसे. त्याचे हात त्या सगळ्यांत हलके होते.

सहाव्या दिवशी दुपारी, एकतिसावं नाणं. कोमारनं ते पाण्यातच सोडवलं आणि अंगठा फिरवता फिरवता तो थांबला.

"बाई, खळगा दुसऱ्या बाजूला लागतोय."

"पुसू नका!" विद्यार्सो साहेब जवळजवळ ओरडलेच. त्यांनी भिंगाखाली धरलं. अक्षरांच्या खाचांत काळा गाळ घट्ट बसलेला होता, आणि सालाच्या शेवटी उलटा दोन. त्यांनी कोमारचं धुतलेलं नाणं शेजारी ठेवलं. दोन्हींवर भोकापासून कडेपर्यंत केसाएवढी बारीक, वर उठलेली रेघ होती, जिथं साच्याला तडा गेला होता तिथं. तीच जागा, तीच लांबी.

"एकाच साच्यातली," बाई म्हणाल्या.

साहेब पायरीवर बसले. "खरं आहे," ते म्हणाले. "लिहून देतो."

बाईंच्या लक्षात आलं, आपण हातातली काडी इतकी घट्ट धरली होती की बोटावर वळ उठलाय. कोमार मात्र नाण्याकडे नाही, त्यांच्याकडे बघत होता, आणि कानापर्यंत हसत होता.

ढेकळातल्या अठ्ठावन्न नाण्यांत उलट्या दोनाची आणखी दोन निघाली. एक शहराच्या संग्रहालयात गेलं, एक साहेबांनी चांगली किंमत देऊन घेतलं. त्या पैशांतून नवी नळी आणि नवा कॉम्प्रेसर आला. उरलेली दोन विकायला कोमार तयार होईना, आणि आहिनशेठनंही, आश्चर्य म्हणजे, फार गळ घातली नाही.

साहेबांनी नाण्याच्या या प्रकाराला बाईंचं नाव द्यायचं ठरवलं होतं. "साचा काय मी कोरला?" बाई म्हणाल्या. "सरळ 'उलटा दोन' म्हणा. आणि नदीतून कुणी वर काढला ते पूर्ण नावानिशी छापा."

चार महिन्यांनी संग्राहकांचं त्रैमासिक दुकानात आलं. कोमारनं ते हातात घेतलं. "बाई, माझं नाव कुठंय?"

"शोध."

तो ओळीवरून बोट फिरवू लागला. शेठ मदतीला वाकला, तसं बाईंनी त्याच्याकडे असं बघितलं की तो मुकाट मागं सरला. बाहेर कॉफीवाला येऊन गेला, एक गिऱ्हाईक येऊन गेलं. कोमारचं बोट दुसऱ्या पानाच्या मध्यावर थांबलं. ओठ हलले.

"को-मा-रुद्-दीन. सापडलं!" मग त्यानं कपाळाला आठी घातली. "पण बाई, यात 'द' दोनदा आहे? सही करताना मी आजवर एकच लिहीत आलो."

"एकच लिहायचास, पण सुलटा लिहायचास," बाई म्हणाल्या, आणि पुढचं वाक्य वाचून दाखव म्हणून खुर्ची त्याच्या जवळ ओढून बसल्या.