सर्व्हरचं फोल्डर

सावली गावातल्या एका कारखान्यात फोन, निरोप आणि मीटिंग एकाच ठिकाणाहून चालवणारा नवा कम्युनिकेशन सर्व्हर बसत होता. काम भक्तीकडे होतं. पण सर्व्हरला त्याचं शेअर फोल्डर दिसायचं, त्यात लिहिता मात्र येईना.

"एव्हरीवनला, म्हणजे सगळ्यांनाच, फुल कंट्रोल दे आणि मोकळी हो," तिचे वरिष्ठ हेरंब सर वैतागून म्हणाले.

"सर, मीटिंगमध्ये टाकलेली कागदपत्रं तिथेच साठणार. सगळ्या कारखान्याला उघडी कशी ठेवू?"

तिने पुन्हा पहिल्यापासून तपासलं. फोल्डरवर परवानगी बरोबर होती, शेअरवर, म्हणजे नेटवर्कवरून तिथे येण्याच्या वाटेवर, मात्र फक्त वाचण्याची. दोन्हीकडे मिळाल्याशिवाय चालत नाही. तिने शेअरवरून एव्हरीवन काढलं, सर्व्हरच्या गटांना पूर्ण हक्क दिले आणि देखभालीचं एक खातं ठेवलं. सर्व्हर सुरू झाला.

पुढे एका ऑपरेटर मुलीने प्लांट मॅनेजरविरुद्ध छळाची तक्रार केली. कारखान्याच्या तक्रार समितीच्या अध्यक्षा निरुपमाताईंनी सुनावणी नव्या सर्व्हरवर घेतली. मुलीचा जबाब, साक्षीदारांची नावं, सगळं त्या फोल्डरात गेलं.

दुसऱ्याच सकाळी मॅनेजर भक्तीच्या टेबलाशी आले.

"सर्व्हरचं फोल्डर मला का उघडत नाही?"

"साहेब, ते सर्व्हरसाठी आहे. कुणालाच उघडत नाही."

"मी कोण आहे, ठाऊक आहे ना? आत्ताच्या आत्ता परवानगी दे."

"नाही देता येणार, साहेब."

ते तडक हेरंब सरांच्या केबिनमध्ये शिरले. दार उघडंच होतं.

"तुमच्या हाताखालची ही मुलगी फार शहाणी झालीये!"

"झालीये खरी," सर शांतपणे म्हणाले. "मी सांगितलं होतं, सगळ्यांना मोकळं कर. तिने ऐकलं नाही. मलाही बाहेरच ठेवलंय. आणि तिचंच बरोबर होतं."

भक्तीने मान खाली घातली, पण हसू काही आवरेना.

सुनावणी पूर्ण झाली. साक्षीदार फिरले नाहीत, मॅनेजरला जावं लागलं. ती मुलगी आजही लाइनवर काम करते.

दांडिया बाजारातल्या घरी जेवताना भक्तीने वडिलांना एवढंच सांगितलं, की साहेबांना नाही म्हटलं. उदयसिंहरावांचा घास हातातच राहिला.

"तोंडावर?"

"हो, बाबा."

हात धुऊन त्यांनी निजामपुऱ्याला बहिणीला फोन लावला. "अगं, आमच्या भक्तीने मोठ्या साहेबाला कॉम्प्युटरात कोंडून ठेवलं!"

"बाबा, कोंडलं नाही हो!"

पण ते ऐकतात कुठले.