सहा नंबरची खाट

थोरल्या लेकीचं लग्न झालं त्याच साली मोठ्या सिस्टरांची आक्का पित्ताशयाच्या ऑपरेशनला दवाखान्यात आली, आणि खाट मिळाली ती नेमकी धाकट्या बहिणीच्याच वॉर्डात, सहा नंबरची. ऑपरेशन नीट पार पडलं. दुसऱ्या दिवशी आक्का उशीला टेकून शेजारणीला सांगत होती, "ही वॉर्डाची राणी असेल, पण हिच्या वेण्या मी घातल्यात." आक्काच्या लेकीच्या लग्नाला अकरा दिवस उरले होते.

मोठ्या सिस्टर वॉर्डाच्या इनचार्ज. कुठल्या खाटेला कोण, हे त्या रोज सकाळी फळ्यावर खडूने लिहीत. नियम एकच: जड पेशंटला जाणती नर्स. त्या सकाळी पाचांतल्या दोघी तापाने घरी. उरल्या तिघी आणि खाटा चोवीस. तिघींतल्या एकीला सगळ्या पाहुणी म्हणत, कारण ती बाह्यरुग्ण विभागातून पंधरा दिवसांपुरती आली होती. वय चाळीस, स्वभाव गरीब, पण ऑपरेशनचे पेशंट तिने कैक वर्षांत हाताळले नव्हते.

खडू उचलला तशी मागून कुणीतरी पुटपुटली, की सहा नंबरची आज चंगळ आहे. सिस्टरांना ते झोंबलं. सहाच्या पुढे जाणतीचं नाव यायचं, तिथे त्यांनी पाहुणीचं लिहिलं आणि सगळ्यांदेखत बजावलं, "सहा नंबर माझी कुणी लागत नाही. तिच्यासाठी उठसूट माझ्याकडे यायचं नाही."

सकाळच्या फेरीतही त्यांनी आक्काकडे नुसती मान हलवली.

दहाच्या सुमारास पाहुणी टेबलापर्यंत आली, घुटमळली आणि परत फिरली. थोड्या वेळाने पुन्हा तसंच. सिस्टरांनी दोन्ही वेळा पाहिलं आणि मुद्दाम विचारलं नाही. साडेदहाला त्यांनी मान वर केली, तर पाहुणी आक्काच्या दंडाला रक्तदाबाचा पट्टा बांधत होती. सोडला, परत बांधला. मग तिसऱ्यांदा. तिसऱ्यांदा पट्टा बांधणारी नर्स आकड्यावर विश्वास ठेवायला घाबरलेली असते, हे सिस्टर वीस वर्षं इतरांना शिकवत आल्या होत्या. पेन तसंच टाकून त्या उठल्या.

आक्काचं कपाळ गार, घामेजलेलं. ओठ पांढरेफटक. तक्त्यावर नाडी शंभर, एकशे बारा, एकशे सव्वीस अशी चढत गेलेली. पोटाला हात लावला तर ते फळीसारखं घट्ट.

"आलीस? मला वाटलं, रागावलीस माझ्यावर," आक्का म्हणाली.

सिस्टरांनी आवाज चढवला नाही. एकीला थिएटरात सर्जनना बोलवायला पाठवलं, दुसरीवर बाकीच्या तेवीस खाटा सोपवल्या, स्वतः दुसरी सलाईन लावली. पाहुणीला म्हणाल्या, "तुम्ही इथून हलू नका. आकडे मोठ्याने सांगत राहा." ती सांगत राहिली. सात मिनिटांत सर्जन आले. आत रक्तस्राव होत होता. आक्काला परत ऑपरेशनला घेतलं.

दुपारी पाळी बदलताना दोन्ही पाळ्यांच्या नर्सेस फळ्यापाशी जमल्या. पाहुणी खाली मान घालून उभी. एक जण म्हणाली, की आकडे नुसते लिहून काय उपयोग, तोंड नव्हतं का हिला?

"होतं," सिस्टर म्हणाल्या. "ते मी सकाळी बंद केलं. लोक काय म्हणतील म्हणून नियम मोडला तोही मीच. चूक माझी आहे."

मेट्रनबाईंना दिलेल्या कागदावरही त्यांनी हेच लिहिलं, पाहुणीचं नाव न घालता. आणि फळ्याच्या वरच्या कडेला, रोज पुसलं न जाणारं एक वाक्य लिहिलं: पेशंट कुणाचाही असो, शंका आली की मला बोलवा.

लग्न ठरल्या दिवशीच, पण गाजावाजा न करता लागलं. दुसऱ्या ऑपरेशननंतर आक्का तीन दिवस होती. लग्नाला आठ दिवस असताना, शुक्रवारी सकाळी सहा वाजून दहा मिनिटांनी, ती वारली.