वरची दोन बोटं

रानात फुटलेला खार कसा धुवायचा हे गेणबाला ठाऊक होतं, मुळं खाणारी हुमणी कशी मारायची तेही. पण हे डोळ्यांना न दिसणारं विष कुठल्या जातीचं, ते काही डोक्यात शिरेना. शिरूर रस्त्याला, ओढ्यापलीकडच्या भट्टीत भंगाराबरोबर कसलीशी किरणोत्सारी डबी वितळली आणि धूर त्याच्या एकरभर रानावर बसला. बसला म्हणे! त्याला तर चिमूटभर राखसुद्धा दिसली नव्हती.

पुण्याहून तपासणीसाठी शीतल मॅडम किरणं मोजायचं यंत्र घेऊन आल्या होत्या. रानाभोवती दोरी बांधून म्हणाल्या, "मामा, हे सिझियम. काळ्या मातीला चिकटून वरच बसतं, पाण्यानंही फारसं खाली जात नाही. वरची दोन बोटं माती खरवडून नेऊ, मग रान तुमचं. तोवर हात लावू नका."

सोळा दिवस कुणी फिरकलं नाही. आता पेरणी तोंडावर आलेली, शेतकऱ्यानं काय दोरीकडं बघत बसायचं? वाईट असेल ते खोल गाडायचं, हे गेणबा जन्मभर करत आलेला. त्यानं पलटी नांगर फूटभर घातला, वरून कुळव फिरवून ढेकळं सपाट केली. रान होतं तसं दिसायला लागलं.

मॅडम परत आल्या तेव्हा यंत्राची टिकटिक मंदावली होती. "कमी कसं झालं?" त्या चक्रावल्या. "असंच असेल तर माती काढायला नको. पेरा यंदा."

गेणबा गडबडला. म्हंजी विष गेलं, का खाली दडून बसलंय? बायकोनं, गीताबाईनं, मागून सदरा ओढला. "गप ऱ्हावा."

"मॅडम," तो म्हणाला, "मका माझी नात खाणार हाय. मी नांगरलंय वो, फूटभर."

मॅडमनी खड्डा घेतला. यंत्र तळापर्यंत टिकटिकत राहिलं.

"गेलं नाही मामा, सगळ्यात मिसळलं. आता दोन बोटांनी भागायचं नाही. सगळी काळी माती काढावी लागेल."

गीताबाई बांधावर बसली. फूटभरच तर काळी होती. सासऱ्यानं मेंढरं विकून तळ्यातला गाळ तट्टावर वाहून आणलेला, खाली नुसता मुरूम. "बोलला नसता तर काय झालं असतं?" तिनं रडत विचारलं.

"त्येच कळंना मला," गेणबा म्हणाला. मग मॅडमकडं वळला. "आन् मुरमात काय पेरायचं?"

मॅडमनी वही चाळली. मग मिटली आणि रानाभोवती पुन्हा दोरी बांधायला घेतली.