आठवा पोर्ट बोलला

हॉस्पिटलात त्यांना सगळे वायरमावशी म्हणत. चोवीस वर्षं त्यांनी तिथलं नेटवर्क सांभाळलं. पण गुडघ्याचं ऑपरेशन झालं आणि तळघरातल्या नेटवर्क-मशीनच्या खोलीकडे उतरणाऱ्या एकतीस पायऱ्या आडव्या आल्या. लिफ्ट तळघरापर्यंत जात नव्हती, आणि एखादं मशीन अडलं की लॅपटॉप घेऊन खाली जायचं, वायर जोडून त्याला बोलतं करायचं, हेच तर त्यांचं काम!

साहेब म्हणाले, "मावशी, पहिल्या तारखेपासून रेकॉर्ड विभागात बसा. आरामाचं काम आहे."

"आठ दिवस द्या," त्या म्हणाल्या. "सगळ्या मशीनशी एका जागेवरून बोलता येणारा तो कन्सोल सर्व्हर खाली नुसता धूळ खात पडलाय. आठही मशीनच्या वायरी त्याला जोडते, मग वरूनच वायफायवर बोलेन त्यांच्याशी."

"बघा जमलं तर," साहेब म्हणाले. सुरात विश्वास बेताचाच.

सोबतीला आला हॉस्पिटलचा इलेक्ट्रिशियन. निवृत्तीला टेकलेला, तोंडाचा फटकळ. मावशी त्याचा खांदा धरून एकेक पायरी उतरल्या.

"वर चढवायला क्रेन मागवू का?"

"आधी जिभेला ब्रेक लाव."

आठ पोर्ट, आठ वायरी. मावशींनी प्रत्येक पोर्टला मशीनचं नाव दिलं, बोलण्याचा वेग ठरवून दिला. सात मशीनं गुणी बाळासारखी उत्तर देऊ लागली. आठवं मात्र पडद्यावर चिन्हांचा कचरा ओकत सुटलं. प्रयोगशाळेचे रिपोर्ट वॉर्डांत पोचवणारं ते सगळ्यात जुनं नेटवर्क-स्विच.

"सात झाले ना? सोडा त्याला," इलेक्ट्रिशियन म्हणाला.

"आणि नेमकं हेच बिघडलं तर?"

मावशी हट्टाला पेटल्या. काहीतरी येतंय म्हणजे वायर ठीक आहे, वेग जुळत नाहीये. बाकीच्यांचा नऊ हजार सहाशे होता. त्यांनी एकोणीस हजार दोनशे लावला. कचराच. अडतीस हजार चारशे लावून एंटर दाबलं, आणि स्वच्छ अक्षरांत स्विचने पासवर्ड विचारला.

"बोललं गं बाई!" मावशींचा आवाज जिन्यापर्यंत गेला.

आता सर्व्हरचं वायफाय तो ठेवलेल्या लोखंडी कपाटाबाहेर पडेना. इलेक्ट्रिशियनने लांब वायर ओढून अँटेना झरोक्याशी बसवली. मावशींनी भक्कम पासवर्ड घातला आणि तळमजल्यावरच्या बाकावर बसून आठही मशीनं लॅपटॉपवर उघडून पाहिली.

सातव्या दिवशी सकाळी रिपोर्ट थांबले. नेटवर्कच तुटलेलं, त्यामुळे ऑफिसातून कुणाला काही करता येईना. डॉक्टरांचे फोनवर फोन. साहेब तळघराकडे धावले, तर किल्लीवाला जागेवर नाही. पण कन्सोल सर्व्हरचं वायफाय त्या नेटवर्कवर अवलंबून नव्हतं; मावशींनी बाकावरूनच आठवा पोर्ट उघडला. स्विचने वॉर्डांकडची लाइन बंद करून ठेवली होती. त्यांनी दोन आज्ञा देऊन ती चालू केली.

"आले, रिपोर्ट आले!" वॉर्डातून नर्स ओरडली.

साहेब धापा टाकत परतले. "मावशी, खाली कधी गेलात तुम्ही?"

"गुडघ्याला विचारा," मावशी म्हणाल्या.

साहेब मनापासून हसले. "रेकॉर्डचं विसरा. नव्या इमारतीतली मशीनंही तुम्हीच जोडायची."

इलेक्ट्रिशियन कँटीनभर बातमी सांगत सुटला, प्रत्येक वेळी थोडी फुगवून. मावशींनी घरी फोन लावला.

"अहो, आज स्वयंपाक तुमच्याकडे."

"का? गुडघा दुखतोय?"

"छे! आज माझे पाय जमिनीवरच नाहीत."