कोऱ्या चिठ्ठीवरचा शिक्का

मित्रांनो, मी एक जुना रबरी शिक्का आहे. लाकडी मूठ आणि खाली दोनच शब्द: 'खात्री केली'. चाळीस देशांतल्या वर्तमानपत्रांना आणि वाहिन्यांना बातम्या पुरवणाऱ्या एका वृत्तसंस्थेत माझे आयुष्य गेले.

तिथला नियम साधा होता. बातमी किंवा फोटो आला की त्याला एक चिठ्ठी टाचायची. दोन वेगवेगळ्या माणसांना फोन करून विचारायचे, त्यांची नावे चिठ्ठीवर लिहायची आणि मगच मला उचलायचे. माझ्याशिवाय एक ओळही बाहेर जात नसे. मला सांभाळणाऱ्या बाईंना सगळे पाठीमागे 'थांबाबाई' म्हणत. "अहो बाई, जग पुढे गेलं!" असे कुणी ओरडले, की त्या रिसीव्हर कानाला लावूनच म्हणत, "जाऊ दे की. त्याला सांगा, मी फोनवर आहे." त्यांच्या तळहाताने माझी मूठ गुळगुळीत झाली. ते माझे चांगले दिवस होते.

त्या निवृत्त झाल्या. नवे साहेब वाईट नव्हते, पण दुसऱ्या संस्था दोन-दोन मिनिटांनी पुढे जाऊ लागल्या आणि साहेबांना रोज वरिष्ठांची बोलणी खावी लागत. तेव्हा त्यांनी एक युक्ती काढली. सकाळी आल्या आल्या पन्नास कोऱ्या चिठ्ठ्यांवर मला दणादण उमटवून ठेवायचे. "फोन काय, नंतर करू. आपण कुठे पळून चाललोय?" मला ते खोटे वाटले. पण शिक्क्याला कोण विचारतो?

एके दिवशी स्टेशनवर स्फोट झाला. अकरा वाजून सात मिनिटांनी एक फोटो आला. धुरातून एक माणूस काळी बॅग छातीशी धरून धावत होता. साहेबांनी त्याला तयार चिठ्ठी टाचली आणि खाली लिहिले, 'संशयित'. अकरा वाजून नऊ मिनिटांनी तो फोटो चाळीस देशांत पोचला होता.

तो माणूस पाववाला होता. बॅग एका जखमी म्हातारीची होती. तिला स्ट्रेचरवरून नेत होते आणि तो तिची बॅग द्यायला मागे धावत होता. रुग्णालयात एक फोन केला असता तर हे कळले असते. संध्याकाळी पोलिसांनी खरे काय ते सांगितले, तोवर जमावाने त्याची भट्टी फोडली होती आणि त्यालाही मारहाण केली होती. आम्ही चार ओळींची दुरुस्ती पाठवली. ती तीन देशांत छापली गेली.

महिन्याने त्याची थोरली बहीण आली.

"भाऊ घराबाहेर पडत नाही, साहेब. दाढी करायलासुद्धा आरशासमोर उभा राहत नाही."

"ताई, आम्ही दुरुस्ती दिली आहे."

"फोटो माझ्या परदेशातल्या नणंदेनं पाहिला. दुरुस्ती शेजारणीनंही वाचली नाही." तिने पर्समधून चार ओळींचे कात्रण काढले. "यावर तुमचा शिक्का मारून द्या. दुकानाच्या दारावर लावते."

साहेबांनी मला शाईत बुडवून नीट दाबले. ठसा अगदी ठळक उठला. तिने कात्रण उजेडात धरून तो वाचला.

"त्या फोटोवरही हाच होता ना?" तिने विचारले.

साहेबांनी शाईची डबी बंद केली. ती कात्रण घडी करून घेऊन गेली. दुसरे काही तिला मिळणार नव्हते.

तेव्हापासून मी खणात पडून आहे. मित्रांनो, आता कुणाचाही फोटो एका बोटाने जगभर पाठवता येतो, आणि ते बोट तुमचेही असते. ते टेकवण्याआधी कुणाला तरी विचारा. दोन मिनिटे उशीर झाला तर होऊ द्या.

पाववाल्याचे दुकान अजून बंदच आहे.